धुराचा पहारेकरी

घरास लागलेल्या आगीत पुष्कळ माणसे ज्वाळांनी नव्हे, तर धुराने गुदमरून दगावतात. निद्रिस्त माणसाचे घ्राणेंद्रियही निजलेलेच असते. धुराच्या वासाने तो जागा होईल, हा भरवसा व्यर्थ होय. उलट धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू त्याची झोप अधिकच गाढ करतो. कान मात्र झोपेतही अर्धवट जागे असतात. धूर-सूचक यंत्राची सारी उपयुक्तता या एका भेदावर उभी आहे.

वॉल्टर येगर हे स्विस शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात विषारी वायू ओळखणारे उपकरण बनवू पाहत होते. ते साधेना, पण त्यांनी पेटविलेल्या सिगारेटच्या धुराने उपकरणातील विद्युत्प्रवाह मंदावला, असे सांगतात. आजही एका जातीच्या यंत्रात हेच तत्त्व आहे. अमेरिशियम या किरणोत्सारी धातूचा एक मायक्रोग्रॅमहूनही अल्प अंश दोन पट्ट्यांमधील हवेत सूक्ष्म प्रवाह चालू ठेवतो. धूर शिरला की प्रवाह घटतो आणि भोंगा वाजू लागतो. दुसऱ्या जातीत धूरकणांवरून विखुरलेला प्रकाश हाच इशारा ठरतो. भडकलेली आग पहिल्यास लवकर कळते, धुमसणारी गादी दुसऱ्यास.

अमेरिकेत ही यंत्रे घरोघरी आहेत. तरीही तेथील घरांच्या आगींत होणाऱ्या दर पाच मृत्यूंपैकी सुमारे तीन अशा घरांत होतात, जेथे यंत्र नसते किंवा असून चालत नसते. यात दोष यंत्राचा थोडा, गृहस्थाचा अधिक. मिरचीची फोडणी करपते, भोंगा कर्कश ओरडतो आणि त्रासलेला गृहस्थ त्यातील बॅटरीच काढून ठेवतो. तेथील मराठी घरांनाही हा प्रसंग नवा नाही! चोर नसता भुंकला म्हणून कुत्र्याचे तोंड कायमचे बांधण्याचाच हा प्रकार. चुलीपासून ते तीन मीटर दूर बसविले, तर ही कटकट बरीच टळते.

महाराष्ट्रात सदनिकांच्या आत हे यंत्र अजून क्वचितच दिसते. ज्यांनी ते घेतले, त्यांनीही महिन्यातून एकदा त्याची कळ दाबून आवाज ऐकावा, छिद्रांतील धूळ झाडावी. मधूनमधून 'टिक्' असा बारीक आवाज आला, तर बॅटरी संपत आली असे समजावे. अमेरिशियमचा निम्मा अंश क्षीण होण्यास सुमारे ४३२ वर्षे लागतात खरी, परंतु यंत्राचे इतर भाग इतके चिरंजीव नसतात. पाठीवरील निर्मितीची तारीख पाहून दहा वर्षांनी संपूर्ण यंत्रच बदलावे लागते.