अडलेला शब्द

"अवं, एका शब्दापायी किती वेळ बसता? गोष्ट समजली नं, मंग पुढं वाचा. या वयात कोणती परीक्षा द्याची हाय?" आमच्या दुपारच्या वाचनात एक काकू असं म्हणाल्या आणि चौघींनी माना डोलावल्या. माझं भांडण त्या डोलणाऱ्या मानांशी आहे.

वाचत होतो रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', 1910 सालचं. पांढुर्ण्याच्या पाचसहा जणी, सौसरहून येणारी एक वहिनी. घरी बोलणं मराठी, शाळा मात्र बहुतेकींची हिंदी. 1956 मध्ये नागपूर तिकडं गेलं, आपण मध्यप्रदेशात राहिलो. मराठी तोंडात राहिली, डोळ्यांखालून गेली नाही. म्हणून 'वन्सं' आलं की अडतो. वन्सं म्हणजे नणंदबाई, एवढं कळलं की पुढं निघतो. इथवर काकूंचं खरं.

पण 'स्वतः'पाशी सगळ्याच अडल्या. हा शब्द कोणाला येत नाही? तरी वाक्य लागेना. वहिनीनं विचारलं, "हे स्वतः म्हणजे बाई, का तिचा नवरा?" मागची पानं पुन्हा वाचली तेव्हा उलगडलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून रमाबाई न्यायमूर्ती रानड्यांना 'स्वतः' म्हणतात!

खोली गप्प झाली. आमच्यातल्याही कितीजणी अजून 'आमच्या घरचे' म्हणूनच भागवतात. 'स्वतः' म्हणजे नवरा, तर मग बाई कोण? रमाबाईंना मी दोष देत नाही, तो त्या काळचा मानाचा रिवाज होता. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली ही मुलगी नवऱ्याकडून शिकली आणि घरातल्या बायकांचे टोमणे खात शिकली. टोमणे बायकांचेच, हे विसरू नका. काकूंचं वाक्य त्याच घरातलं आहे.

आणि आपण तर जैन. भक्तामराचे 48 श्लोक घडाघडा म्हणतो, अर्थ विचारत नाही. त्याला धर्म म्हणतो. अर्थ विचारला की तो रिकामटेकडेपणा! दशलक्षणात तत्त्वार्थसूत्र ऐकतो ना? त्यात स्वाध्याय हे तप आहे आणि त्याचे पाच भेद आहेत. पहिला वाचना, दुसरा लगेच पृच्छना, म्हणजे विचारणं. दुसऱ्याच्या ज्ञानात अंतराय आणला तर ज्ञानावरण कर्म बांधलं जातं, हेही त्याच सूत्रात आहे. तिथं वयाची अट कुठं नाही. बाई असल्याचीही नाही.

एखादी शब्दाला अडली, तर तिला हसू नका, घाई करू नका. तुम्हालाही तो येत नसेल, तर तसं सांगा. शब्दकोश काढा, नाहीतर मागची पानं उलटा. एक पान कमी वाचून झालं तर काय बिघडलं?

काकू, पुढच्या दुपारी पहिला शब्द तुम्हीच विचारा. थांबायची जबाबदारी माझी.