जुन्या इंजिनांचे डाव टाकाऊ नाहीत



‘स्टॉकफिशसारखे बुद्धिबळाचे इंजिन मोबाइलवर फुकट मिळत असताना जुन्या, कमकुवत इंजिनांचे आपापसातले डाव कोण पाहणार?’ असा सवाल गेल्या अंकातील पत्रात एका वाचकाने केला आहे. आम्ही पाहतो, आणि आवडीने पाहतो!

कमकुवत खेळ कंटाळवाणाच असतो, हे गृहीतक मला मान्य नाही. १९७७ मध्ये टोरंटोतील संगणकांच्या जागतिक स्पर्धेत झालेला ‘डचेस’ विरुद्ध ‘कैसा’ हा डाव घ्या. सोव्हिएत कैसा ही १९७४ची विजेती. ३४व्या चालीत शह अडवण्यासाठी तिने हत्ती सरळ देऊन टाकला. प्रेक्षकांत माजी जगज्जेते बोटविनिकही होते. प्रोग्रॅम बिघडला, असाच सर्वांचा समज झाला. कैसा हरली. नंतर तपासल्यावर कळले, की राजा बाजूला घेतला असता तर डचेसला वजिराचा बळी देऊन मात करता आली असती. जाणकारांना न दिसलेली मात यंत्राने हेरली होती!

आजची अव्वल इंजिने ठरावीक सुरुवात लादल्याशिवाय एकमेकांशी खेळली, तर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. कुणी चुकलेच तर ती चूक आपल्याला उमगत नाही. जुनी इंजिने मात्र मोजक्याच चाली पुढचे पाहत. अटळ संकट नजरेआड ढकलण्यासाठी ती प्यादी उधळत, आणि हे आपल्यासारख्यांनाही कळते. सर्वोत्तम चाल हवी असेल तर स्टॉकफिशला जरूर विचारावे. पण चूक कशी घडते हे समजून घ्यायचे, तर हे जुने डावच पाहावेत.

— एक बुद्धिबळप्रेमी वाचक, पुणे