नळाच्या पाण्याला औषध हवे की नको?



गावोगावच्या ग्रामसभांत एक तक्रार हमखास ऐकू येते. "पाण्याला औषधाचा वास मारतोय, चहा बिघडतोय, ती टी.सी.एल. पावडर बंद करा." जुनी माणसे म्हणतात, "आमच्या आजोबांनी कुठं घातली हुती पावडर?" शिकलेली पोरे आणखी एक मुद्दा काढतात, "हॉलंडात पाण्यात क्लोरीन घालत नाहीत, मग आपणच का प्यायचं?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आजोबांनी पावडर घातली नव्हती हे खरे. पण त्यांच्याच काळात पटकीच्या साथीत घरेच्या घरे ओस पडत, हेही विसरू नये.

हॉलंडची गोष्टही खरी आहे. रॉटरडॅमचे रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी १९७४ साली दाखवून दिले की, पाण्यातील सेंद्रिय अंशाशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी द्रव्ये तयार होतात. पुढे २००५ पर्यंत त्या देशाने नेहमीच्या वापरातून क्लोरीन काढून टाकला. मात्र त्यासाठी त्यांनी भूगर्भातील स्वच्छ पाणी घेतले, नदीचे पाणी वाळूच्या टेकड्यांत मुरवले, ओझोन व अतिनील किरणांची यंत्रे बसवली आणि नळाला चोवीस तास दाब ठेवला. त्यांची गळतीही अगदी थोडी.

आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी येते तास-दोन तास. ते बंद झाले की नळी रिकामी होते आणि फुटक्या सांध्यातून, व्हॉल्व्हजवळच्या डबक्यातून घाण आत ओढली जाते. टाकीतले पाणी कितीही चोख असले तरी वाटेत ते नासते. म्हणून पाण्याबरोबर घरापर्यंत एक राखणदार जावा लागतो. पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन हाच तो राखणदार. भारतीय मानकाप्रमाणे तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. क्लोरोफॉर्मचा धोका आहे, पण जंतूंच्या पाण्याच्या धोक्यापुढे तो फार लहान आहे, असेच जागतिक आरोग्य संघटना सांगते.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. हिपॅटायटिस ई हा विषाणू सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरतो. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. गरोदर बायांना तर हा आजार फारच घातक ठरतो. नळाच्या वासाची तक्रार करताना हे आठवावे.

आता कारखानदारीविषयीही बोलले पाहिजे. पाण्यात मळी, सांडपाणी, कुजका पाला जितका जास्त, तितका क्लोरीन त्यातच खर्ची पडतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. नदीत घाण सोडायची आणि वर पावडर वाढवायची, हा धंदा चालणार नाही. साखर कारखान्यांनी हे आधी ओळखावे, आपणही.

तेव्हा पावडर बंद करा म्हणण्याऐवजी सभासदांनी ग्रामपंचायतीला तीन गोष्टी विचाराव्यात. गावाच्या शेवटच्या नळाची ओ.टी. चाचणी रोज होते का? पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. आला नाही तर राखणदार वाटेतच संपला. पावडरीचे पोते कोरड्या जागी, तोंड बांधून ठेवले आहे का? ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो; उघड्या, दमट पोत्यात तो उडून जातो आणि उरतो तो नुसता चुना. तिसरे म्हणजे, पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास थांबून मगच पाणी सोडतात का?

आणि एक चौथी गोष्ट आपल्या कारखान्याने स्वतःला विचारावी. हंगामात बीडकडून येणाऱ्या टोळ्यांची लेकरे खोपीवर कुठले पाणी पितात? ओढ्याचे की शेजारच्या विहिरीचे? त्यांना ना पंचायतीचा नळ, ना जलसुरक्षक. ऊस त्यांनी तोडायचा आणि पाण्याची जबाबदारी कुणाचीच नाही, हे सहकाराला शोभत नाही. पहिली मोळी टाकण्याआधी प्रत्येक तळावर झाकणाची टाकी आणि क्लोरीनच्या गोळ्या पोचाव्यात, अशी आमची संचालक मंडळास आग्रहाची विनंती आहे.