यादी गेली, जबाबदारी आली

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'यूजीसी-केअर' ही संशोधन नियतकालिकांची यादी बंद केल्याचे जाहीर केले. त्यामुळे 'आता शोधनिबंध पाठवायचा कोठे?' हा प्रश्न प्राध्यापक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी यांच्यापुढे उभा राहणे स्वाभाविक होते. नियतकालिक निवडण्यासाठी आयोगाने काही सूचक निकष दिले आणि निवडीची जबाबदारी विद्यापीठांवर व संशोधकांवर सोपवली. मात्र, पाठवायचा निबंध तयार कसा करायचा, हा त्याआधीचा प्रश्न आपल्या उच्च शिक्षणाने कधी पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही. यादी असो वा नसो, या दुर्लक्षाची किंमत संशोधक मोजतच राहणार आहेत.

संख्येचा सोस

ही स्थिती एका दिवसात आलेली नाही. २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांकाशी जोडल्या व शोधनिबंधाला गुणांची किंमत आली. २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक निबंध प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. मागणी वाढली की पुरवठा होतोच. पैसे घेऊन, कोणतेही परीक्षण न करता, चार-आठ दिवसांत निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. २०१७ मध्ये आयोगाने बत्तीस हजारांहून अधिक नियतकालिकांची यादी जाहीर केली, पण तीत हीच मंडळी शिरली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या आणि नामांकित सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची असू शकतात, असे पुण्यातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये २०१८ साली दाखवून दिले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे २०१९ मध्ये 'केअर' यादी आली, तिच्या कामात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मोठा वाटा होता. २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी निबंधाची सक्ती काढून टाकली आणि आता यादीही गेली. नियम बदलत राहिले, निबंधलेखनाचे शिक्षण मात्र होते तेथेच राहिले.

आकृतिबंधामागचे प्रयोजन

शोधनिबंधाचा आकृतिबंध म्हणजे निव्वळ समास, अक्षरांचा आकार आणि ओळींमधील अंतर असा समज रूढ आहे. वस्तुतः प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा हे विज्ञानातील निबंधाचे चार विभाग चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात: हा प्रश्न का घेतला, काय केले, काय आढळले आणि त्याचा अर्थ काय. पद्धतीचा विभाग असा हवा, की दुसऱ्या कोणी तो वाचून तोच प्रयोग पुन्हा करू शकेल. निष्पत्तीत मत मिसळायचे नाही आणि चर्चेत नवी आकडेवारी आणायची नाही. सारांश सर्वांत शेवटी लिहावा, कारण बहुसंख्य वाचक तेवढाच वाचतात. तक्त्यात दिलेले आकडे मजकुरात पुन्हा उगाळू नयेत. संदर्भसूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात असावी आणि मजकुरातील प्रत्येक उल्लेख सूचीत. ही शिस्त कारकुनी नाही. तिच्यामुळे विचारातील फटी लेखकाच्याच लक्षात येतात.

लेखकांच्या नावांचेही तसेच. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी चार अटी घातल्या आहेत आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात: संशोधनात भरीव सहभाग, मजकुराच्या लेखनात किंवा चिकित्सक दुरुस्तीत वाटा, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाचे उत्तरदायित्व. विभागप्रमुखांचे नाव आदरापोटी जोडण्याची आपल्याकडील प्रथा यात कोठेच बसत नाही.

वाया जाणारे तास

याची दुसरी बाजूही आहे. एका नियतकालिकाने नाकारलेला निबंध दुसरीकडे पाठवताना संदर्भांची पद्धत, शब्दमर्यादा, आकृत्यांची मांडणी असे सारे नव्याने करावे लागते. आशयात तसूभरही फरक पडत नाही. ३७२ संशोधकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास 'प्लॉस वन'मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार या जुळवाजुळवीत एका निबंधामागे सुमारे १४ तास आणि एका संशोधकाचे वर्षाकाठी सुमारे ५२ तास खर्ची पडतात. गंमत अशी, की याच त्रासातून सुटका व्हावी म्हणून १९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमले होते आणि त्यातून संदर्भांची 'व्हँकुव्हर पद्धत' रूढ झाली. आता काही मोठे प्रकाशक पहिल्या वेळी कोणत्याही सुसंगत रूपातील निबंध स्वीकारतात आणि ठरावीक मांडणी स्वीकृतीच्या टप्प्यावरच मागतात. हा शहाणपणा सार्वत्रिक व्हायला हवा.

ज्याच्या विभागात अनुभवी मार्गदर्शक आहे, तो हे अडथळे पार करतो. तालुक्याच्या महाविद्यालयात सोळा-अठरा तासिका सांभाळून संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाचे काय? मांडणीपासून प्रकाशनापर्यंत सर्व काही करून देण्याची हमी देणाऱ्या दुकानांचे तो हमखास गिऱ्हाईक ठरतो. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडमुक्त ठरवले आणि टक्केवारी खाली आणून देण्याचाही एक धंदा उभा राहिला. संगणक शब्दांचे साम्य मोजतो, कल्पनेची चोरी त्याला दिसतेच असे नाही. शब्द फिरवून चोरी लपवणे हे नियमाच्या हेतूच्या नेमके उलट आहे.

मराठीची निराळी अडचण

मराठीतून लिहिणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. अनेक नियतकालिके व चर्चासत्रे आजही युनिकोडपूर्व काळातील विशिष्ट टंकांत मजकूर मागतात. अशा टंकातील मजकूर शोधयंत्रांना मराठी म्हणून ओळखता येत नाही आणि साम्य तपासणाऱ्या प्रणालींच्याही तो पकडीत येत नाही. चांगला निबंध छापला जातो, पण शोधूनही सापडत नाही. संदर्भसूचीत आडनाव आधी की नाव आधी, शके आणि इसवी सन यांचा मेळ कसा घालायचा, एकाच लेखकाची मराठी व इंग्रजी पुस्तके कोणत्या क्रमाने द्यायची, याबाबत सर्वमान्य संकेत नाहीत. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी एकत्र बसून एक लेखनसंहिता ठरवली, तर तिचा लाभ पुढच्या अनेक पिढ्यांना होईल.

यंत्राची मदत, माणसाची जबाबदारी

कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रश्न अधिक बिकट केला आहे. निर्दोष इंग्रजी आणि नीटनेटकी मांडणी आता क्षणात मिळते, पण अस्तित्वातच नसलेले संदर्भही तितक्याच आत्मविश्वासाने मिळतात. यंत्राने काढलेली निरर्थक आकृती छापली गेली आणि 'फ्रंटियर्स'च्या एका नियतकालिकाला फेब्रुवारी २०२४ मध्ये तो निबंध मागे घ्यावा लागला. त्याआधी २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांहून अधिक निबंध मागे घेतले गेले, त्यांतील आठ हजारांवर एकट्या 'हिंदावी'चे होते. यंत्र लेखक होऊ शकत नाही, कारण ते उत्तरदायित्व घेऊ शकत नाही. त्याची मदत घेतली असल्यास ती जाहीर करावी, असे वैद्यकीय संपादकांच्या समितीने २०२३ मध्येच स्पष्ट केले. केवळ देखण्या रूपावर विसंबण्याचे दिवस संपले आहेत.

मग करायचे काय? पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम २०१९ पासून सक्तीचा आहे. त्यात व्याख्यानांऐवजी प्रत्यक्ष लेखन हवे. विद्यार्थ्याने एक निबंध पूर्ण लिहावा, सहाध्यायांनी त्याचे परीक्षण करावे आणि त्याने तो सुधारून पुन्हा सादर करावा. ग्रंथपालांकडे संदर्भ-व्यवस्थापन आणि नियतकालिकांची पारख यांची अधिकृत जबाबदारी द्यावी. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेने शासकीय उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली केली आहेत. चांगले निबंध वाचल्याशिवाय चांगला निबंध लिहिता येत नाही, म्हणून हा लाभ अनुदानित आणि खासगी महाविद्यालयांपर्यंतही पोहोचला पाहिजे. निवड समित्यांनी तर निबंधांची संख्या मोजण्याऐवजी उमेदवाराचे दोन-तीन निबंध वाचण्याची तसदी घ्यावी.

यादीच्या आधाराने निर्णय घेणे सोपे होते, कारण त्यासाठी निबंध वाचावा लागत नसे. आता तो वाचावा लागेल. विद्यापीठांनी हे काम टाळले, तर यादीची रिकामी जागा दलाल भरून काढतील, आणि त्याचा भुर्दंड सर्वांत आधी प्रामाणिक संशोधकालाच पडेल.