यंत्राची साथसंगत

1998 साली वॉशिंग्टनच्या एका राष्ट्रीय संग्रहालयात ‘मिनर्व्हा’ नावाचे चालते यंत्र दोन आठवडे प्रेक्षकांना वाट दाखवीत हिंडत होते. लोकांनी रस्ता अडवला की ते आधी हसतमुखाने विनवी, आणि तेवढ्याने भागले नाही तर भुवया चढवून रागावे. हे वाचून मला हसू आले. आमच्या ग्वाल्हेरीत सरदारांच्या बग्ग्यांपुढे ‘हटो, बचो’ अशी ललकारी उठे, असे वडीलमंडळींकडून ऐकले आहे!

अशा पुष्कळ यंत्रांना नडगीच्या उंचीवर लेझरचा डोळा बसवलेला असतो. त्याला माणूस दिसतच नाही. दिसतात दोन लहान कमानी, म्हणजे पाय. (नऊवारीतली आजी त्याला कदाचित सापडेल, पायघोळ सहावारीतली सून मात्र खांब वाटायची.) पुढचे पाऊल कुठे पडेल याचा आधी अंदाज, मग प्रत्यक्ष दिसेल त्यावरून दुरुस्ती, हे गणित बहुधा रुडॉल्फ कालमन यांनी 1960 साली मांडलेल्या रीतीने चालते. माणूस खांबाआड गेला तरी अंदाज चालूच राहतो. तबलजी तरी दुसरे काय करतो? गवई तानेच्या भरात दूर गेला तरी हा ठेका धरून असतो, आणि समेवर दोघे भेटतात.

गर्दीत मात्र हे गणित अडते. प्रत्येकाची वाट अचूक ओळखता आली तरी दाट गर्दीत यंत्राला कुठलीच वाट निर्धोक वाटत नाही आणि ते जागीच थिजते, असे ट्राउटमन व क्राउझे या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवले. समोरचाही आपल्यासाठी खांदा वळवील, हे त्याच्या हिशेबातच नसते. नजर तीक्ष्ण करून हे सुटणारे नाही, हे मला सोळा आणे पटते. नवशिका तबलजी गायकाच्या तोंडाकडे टक लावून बसतो आणि नेमका तिथेच चुकतो, कारण गायकही आपल्याला सांभाळून घेत असतो हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते.

ही यंत्रे उद्या आमच्या इस्पितळांत, स्टेशनांवर येतील. ‘लोकांनी शिस्तीने बाजूला व्हावे’ असा सल्लाही तेव्हा मिळेल. तो मला मुळीच मान्य नाही. संध्याकाळी महाराज बाड्यावर भाजीची पिशवी घेतलेली म्हातारी समोरच्या सायकलवाल्याला न बोलता अर्धे पाऊल देते, अर्धे घेते. यंत्राला आधी तेवढे शिकवून आणावे. नुसत्या भुवया चढवणारी बग्गी आम्हांला पुन्हा नको.