ताशी साडेसहा किलोमीटर

नागपूरच्या मिहानमध्ये वेळ तासांत मोजला जातो. विमानतळालगतच्या या प्रकल्पाच्या नावातच मालवाहतूक केंद्राचा उल्लेख आहे. माल लवकर पोहोचावा, हाच तेथील आखणीचा हेतू. अशा ठिकाणी ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्याला ताशी साडेसहा किलोमीटर वेगाने सुट्टी घालविण्याचा सल्ला दिला, तर तो हसेल. इंग्लंडमधील कालव्यांवर मात्र नौकांची वेगमर्यादा साधारण एवढीच आहे. विशेष म्हणजे, हे कालवे खोदले गेले ते व्यापाराच्या निकडीपोटीच.

१७६१ मध्ये ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर यांच्या खाणींतील कोळसा कालव्याने मँचेस्टरला पोहोचू लागला आणि तेथील कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. भांड्यांचे कारखानदार जोसाया वेजवूड यांचा माल खडबडीत रस्त्यांवर फुटत असे. म्हणून त्यांनी १७७७ मध्ये पूर्ण झालेल्या ट्रेंट अँड मर्सी कालव्याचा हिरिरीने पाठपुरावा केला. काठावरून चालणारा एक घोडा पंचवीस-तीस टन माल सहज ओढी. पुढे १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि कालव्यांचा धंदा हळूहळू ओसरला. कित्येक कालवे गाळाने भरले. १९४६ मध्ये त्यांच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाली; स्वयंसेवकांनी गाळ उपसला, दारे दुरुस्त केली. व्यापाराने खर्ची टाकलेली मालमत्ता अशा रीतीने विश्रांतीच्या खाती जमा झाली.

येथील नॅरोबोट जेमतेम सात फूट रुंद, पण लांबलचक असते. ती भाड्याने घेण्यास वाहनपरवाना लागत नाही. नौका देणारेच ती चालविणे शिकवितात. आत झोपण्याची सोय आणि स्वयंपाकघर असल्याने घरचेच अन्न शिजते. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. त्यामुळे चोविहार पाळणाऱ्यांचीही धांदल होत नाही.

चढउताराच्या जागी लॉक असतात. दोन दारांमधील कोठडीत पाणी भरून किंवा सोडून नौका वरखाली नेली जाते. एकाने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने लोखंडी हँडलने झडपा उघडायच्या, तिसऱ्याने दार ढकलायचे. पाणी आपल्या गतीनेच भरते. पेढीवर हुकूम सोडणाऱ्या वडिलांनाही तेथे थांबावे लागते. एकाच गादीवर बसूनही वडील, मुलगा आणि नातू केवळ मालाच्या भावापुरते आणि वसुलीपुरते बोलतात, अशी घरे आज थोडी नाहीत. त्यांना पाणी भरेपर्यंतची ती दहा-पंधरा मिनिटे बोलण्यास पुरतात.

इंग्लंडचा खर्च प्रत्येकाला झेपेल असे नाही. संथ जलप्रवासाची चव गोव्यातही घेता येते. मांडवी आणि जुवारी नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यातून पावसाळ्यात खनिजाच्या बार्ज मुरगाव बंदराकडे जात आल्या आहेत. त्याच पाण्यावर आता खारफुटी, पक्षी आणि मगरी पाहण्यासाठी नावा फिरतात. तेथे आठवडा नव्हे, एक सकाळ पुरते.

सात दिवस पेढी बंद ठेवल्यास किती विक्री बुडेल, याचा हिशेब व्यापारी क्षणात मांडतो. नातू आणखी किती वर्षे आजोबांसोबत सुट्टीवर येईल, हा आकडाही त्याच पानावर लिहून पाहावा.