पडद्यावरचा चेहरा आणि मांडवीतला पट

दूरचित्रवाणीवर व चित्रपटांत नाव मिळविलेली माणसे पोकरच्या स्पर्धांत उतरू लागली, याचे आता कोणास नवल वाटत नाही. खगोलभौतिकी शिकलेल्या लिव्ह बोरी या इंग्लिश निवेदिकेने 2010 मध्ये सान रेमो येथील युरोपीय स्पर्धा जिंकून साडेबारा लाख युरो मिळविले. आपल्याकडे ‘यहाँ’ (2005) या चित्रपटातून पुढे आलेल्या अभिनेत्री मिनीषा लांबा याही स्पर्धांतून पोकर खेळतात. बाईमाणसाने पत्ते हाती धरावेत काय, असल्या जुनाट वादात आम्हांस रस नाही. स्पर्धेतील पोकर निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे, हेही आम्ही मान्य करतो. प्रवेशशुल्क भरले की चकत्या मिळतात. त्या चकत्यांना टेबलाबाहेर मोल नसते. हरणाऱ्याचे ते शुल्क तेवढे जाते. समोरच्याची पाने झाकलेली असताना हिशेब करावयास बुद्धी लागतेच.

रोखीच्या टेबलाची गोष्ट मात्र निराळी. तेथे खिसा रिकामा होईपर्यंत उठावेसे वाटत नाही, आणि डाव कोणीही जिंको, मालकाचा वाटा आधी बाजूला निघतो. जाहिरातीने पुसला तो नेमका हा भेद. शाहरुख खान, हृतिक रोशन, शाहीद कपूर अशा मोठमोठ्या नटांनी ऑनलाइन रमी-पोकरच्या जाहिराती केल्या. त्या पाहणारा कोण होता?

मोहगावचे उदाहरण घ्या. सौंसर भागातले हे गाव गोमंतकीय वाचकाच्या कानावर क्वचितच आले असेल. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, हा मराठी बोलणारा मुलूख मात्र मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा जिल्हा झाला तो 2023 मध्ये. संत्र्याच्या व कापसाच्या पैशावर जगणाऱ्या अशा गावातील तरुणाला जुगारासाठी पणजीची गाडी पकडण्याचे कारण उरले नव्हते. पट त्याच्या हातातल्या मोबाइलवर मांडलेला होता आणि ओळखीचा नट त्याला बोलावीत होता.

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने हा पट उधळला. कौशल्य की नशीब या वादात न शिरता पैशांवरचे सर्व ऑनलाइन खेळ कायद्याने बंद केले, आणि जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड ठेवला. आम्ही त्याचे स्वागत करतो. परंतु मांडवीतील जहाजांना या कायद्याचा स्पर्श नाही, आणि इथेच आपली मान खाली जाते.

जत्रेच्या रात्री मंडपात नाटक रंगलेले असताना काळोखात पट मांडून बसणारे आपण लहानपणापासून पाहत आलो. पोलीस आले की मेणबत्त्या विझत. तो जुगार चोरटा तरी होता! 1976 च्या जुगारविरोधी कायद्याला 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांसाठी व 1996 मध्ये जहाजांसाठी सवलतीची ठिगळे लागली आणि जुगार राजरोस झाला. पुढे घरे बुडतात अशी ओरड झाली, तेव्हा 1 फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना कॅसिनोची दारे बंद झाली. ते योग्यच झाले. मात्र त्या बंदीचा अर्थ सरळ आहे: हे विष आहे, हे आपण जाणतो. आपल्या पोराला ते नको, मोहगावच्या पोराला चालेल, हा कुठला न्याय? मोबाइलवरचा पट बंद झाल्यावर तो पोर कुठे वळेल, हे सांगावयास ज्योतिषी नको. महसुलाचे आकडे पुढे करणाऱ्यांनी याचेही उत्तर द्यावे.

कॅसिनोंवर देखरेख ठेवणारा गेमिंग आयुक्त म्हणून सरकारने 2020 मध्ये नेमले ते राज्याच्या कर आयुक्तांनाच. ज्याने वसुली वाढवायची, त्यानेच गिऱ्हाईक अडवायचे! हे काम करखात्याबाहेरच्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे द्यावे, आणि नटनट्यांचे चेहरे लावून जहाजांकडे खेचणाऱ्या जाहिरातींना संसदेने ऑनलाइन खेळांसाठी ठरविलेलीच शिक्षा गोव्याने आपल्या कायद्यात घालावी. विधानसभेच्या येत्या अधिवेशनात सरकारला ते करता येईल.